ड वर्गाचं वाचनालय आणि पुस्तकांची भिशी

लातूर म्हटलं की लोकांना गुणवत्ता यादी आठवते आणि नांदेड म्हटलं की गुरुद्वारा. दोन्ही शहरांत पुस्तकांची दुकानं जोरात चालतात, पण काउंटरवरचा निम्मा ढीग ‘नीट’, ‘जेईई’ आणि स्पर्धा परीक्षांचा असतो. त्यामुळे परीक्षेला न येणारं पुस्तक इथं कोण वाचतं, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर दोन ठिकाणी मिळतं. एक गावातलं सार्वजनिक वाचनालय आणि दुसरं ठिकाण म्हणजे शिक्षक, बँकेतली माणसं, गृहिणी यांनी आपापसात चालवलेली पुस्तक भिशी किंवा वाचनकट्टा. पहिल्याला शंभर वर्षांची परंपरा आहे, दुसऱ्याला फारशी नाही. काम मात्र दोघांचं एकच आहे : पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात देणं.

आधी वाचनालय पाहू. ग्रामपंचायतीची किंवा भाड्याची एखादी खोली, बाहेर पत्र्याचा फलक, त्यावर स्थापनेचं साल आणि ‘शासनमान्य’ हा शब्द. आत वर्तमानपत्रांचं स्टँड, लांब टेबल, भिंतीला लोखंडी कपाटं. पहिली दोन कपाटं नेहमी उघडझाप होणारी, तिसऱ्याची किल्ली शोधावी लागते. प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंद वहीतला क्रमांक, पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर तारखांचा कागद. हा कागद म्हणजे त्या पुस्तकाची जन्मकुंडलीच. एखाद्या कादंबरीवर दोनदा कागद चिकटवलेला असतो, पुठ्ठ्याची बांधणी नव्यानं झालेली असते आणि कडेची पानं बोटांनी काळपट पडलेली असतात. शेजारच्या जाडजूड ग्रंथावर एकही तारीख नसते. गावानं काय वाचलं, हे अहवालापेक्षा या कागदावरून लवकर कळतं.

अशा वाचनालयांची पाळंमुळं निजामाच्या काळात आहेत. हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि सभा भरवायची तर परवानगी लागायची. मराठीतून चार माणसांनी एकत्र बसण्याची विनासायास जागा म्हणजे वाचनालय. शेजारच्या परभणीत १९०१ साली गणेश वाचनालय उभं राहिलं आणि खुद्द हैदराबादेत १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचं, हा तिथला रिवाज. ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही अशा रीतीनं वाचक झाले. पोथीची पारायणं ऐकून मोठ्या झालेल्या गावांना ऐकून वाचणं नवं नव्हतंच. हैदराबाद राज्यानं १९५५ साली, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात येण्याआधी, ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला तो १९६७ साली. अ, ब, क, ड हे वर्ग आणि त्यानुसार मिळणारं अनुदान ही आजची व्यवस्था त्याच कायद्याच्या आधारानं चालते.

पुस्तक भिशीचा कारभार याहून सोपा आहे. दहा-पंधरा जण दरमहा ठरलेली रक्कम काढतात. चिठ्ठी निघते. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्यानं त्या पैशांतून मनाला येतील ती पुस्तकं घ्यायची. पैसे घरखर्चाला वापरायचे नाहीत, एवढी एकच अट. पुढच्या बैठकीत त्यानं आपण काय घेतलं, का घेतलं आणि त्यातलं काय आवडलं ते सांगायचं. मग ती पुस्तकं फिरतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या अशाच घरगुती गटांमध्ये फिरतात, आता तर परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत जातात. पेटी आणि भिशी यांत फरक एवढाच, की पेटीतली पुस्तकं आधीच निवडलेली असतात, तर भिशीत निवड करणाऱ्याला आपल्या निवडीचा जाब द्यावा लागतो. ‘हे कशाला घेतलंत, सर?’ असं एखादी ताई सरळ विचारते आणि चर्चेला खरी सुरुवात तिथून होते.

मग या मंडळींच्या हातात सध्या काय असतं? सगळ्यांत वरचा थर ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. शिवाजी सावंतांचं ‘छावा’ १९७९ सालचं, पण फेब्रुवारी २०२५मध्ये चित्रपट आला आणि कॉलेजच्या पोरांनीही ते मागायला सुरुवात केली. ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’, ‘श्रीमान योगी’ यांच्या बांधण्या तर कायम दुरुस्तीला गेलेल्या. त्याखालोखाल अनुवाद. कर्नाटकाची हद्द जवळ असूनही कन्नड वाचता न येणारे खूप. उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे एस. एल. भैरप्पा मराठी वाचकाला घरचे वाटतात आणि ‘पर्व’ हातात घेतलेला माणूस महिनाभर दुसरं काही मागत नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांसाठी विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’. ही मुलं पुस्तकं बदलायला येत नाहीत, दिवसभर खुर्ची अडवून बसतात, अशी तक्रार जुने सभासद करतात. पण एखादा ग्रंथपाल त्यांच्यातल्याच एकाला संध्याकाळी कथासंग्रह देतो आणि आठ दिवसांनी तो पोरगा दुसरा मागायला येतो, हेही घडतं.

भिशीतल्या बैठका रंगतात त्या आपल्या मातीतल्या पुस्तकांवर. या बाबतीत नांदेड-लातूरचा वाचक नशीबवान आहे. रा. रं. बोराडे लातूर तालुक्यातल्या काटगावचे. १९७१ साली आलेली त्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी गावातल्या शिंप्याच्या, गंगारामच्या घरात घडते आणि सांगते ती त्याची बायको पार्वती, स्वतःच्या बोलीत. बोराडे ११ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले. त्यानंतर अनेकांनी ‘पाचोळा’ पुन्हा काढून वाचली. आता तिच्या शेजारी देविदास सौदागर यांची ‘उसवण’ ठेवा. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. त्यांच्या या पहिल्या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तिचा नायकही शिंपीच, पण तयार कपड्यांच्या लाटेनं त्याचं मशीन थंड पाडलेलं.

दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली की पन्नास वर्षांत या भागातल्या एका धंद्याचं काय झालं, ते कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा स्पष्ट दिसतं. ‘पाचोळा’त घर मोडतं ते माणसाच्या ताठ्यानं, गावातल्या माणसामाणसांतल्या चुरशीनं. भांडायला समोर कुणीतरी आहे. ‘उसवण’मध्ये समोर कुणीच नाही. गिऱ्हाईक बाजारात गेलंय, बाजार कुठून चालतो ते ठाऊक नाही आणि दाद मागायची तर कुणाकडे? एका बैठकीत ‘पाचोळा’ आणि पुढच्या बैठकीत ‘उसवण’, असा क्रम कुठल्याही कट्ट्यानं लावून पाहावा. ज्यांच्या घरी अजून दारामागे जुनं शिलाई मशीन आहे, ते सभासद त्या दिवशी गप्प बसत नाहीत.

प्रसाद कुमठेकरांची ‘बगळा’ उदगिरी बोलीत आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली दहा पानं अडतात, उदगीर-देगलूरकडचा वाचक पहिल्याच ओळीला हसतो. ही कादंबरी मोठ्यानं वाचायची, मनातल्या मनात वाचली तर निम्मी मजा जाते. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कथांतलं गाव ओळखीचं असतं, पण लोभस नसतं. आणि घरात पोरं असतील, तर नांदेडच्या सुरेश सावंत यांचा ‘आभाळमाया’ हा बालकवितासंग्रह. त्याला २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

या वाचनाला धार कुठून आली, हे शोधू लागलो की वाट समीक्षक नरहर कुरुंदकरांपाशी येते. जन्म १९३२ चा. शिकायला हैदराबादेत, मामा नांदापूरकरांकडे. इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास होणारा हा मुलगा ग्रंथालयं पालथी घालत होता. पुढं नांदेडला प्रतिभा निकेतनमध्ये शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत गेले तेव्हा वय अवघं ४९. ‘श्रीमान योगी’ला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना कादंबरीइतकीच गाजली. कादंबरी आवडली म्हणून प्रस्तावनेकडे वळलेला वाचक तिथून त्यांच्या ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’पर्यंत पोचतो, ही वाट नांदेडमध्ये अजून मळलेली आहे. ज्या लेखकाचं कौतुक करायचं त्याच्याशीच वाद घालायचा, ही कुरुंदकरांची रीत. ‘हे कशाला घेतलंत, सर?’ या प्रश्नात तिचाच अंश आहे.

या भागानं साहित्य संमेलनंही पाहिली. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष भारत सासणे. त्याच वेळी गावात विद्रोही संमेलनही झालं. नांदेडनं १९८५ साली शंकर पाटलांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पाहिलं होतं. संमेलनं आली की ग्रंथदालनांत गर्दी होते, उलाढालीचे आकडे छापून येतात. पण मांडव उतरल्यावर पुस्तक लागलं तर माणूस जातो कुठं? पुन्हा गावच्या वाचनालयातच.

आणि तिथला हिशेब असा आहे. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत. २०१२ साली महसूल यंत्रणेकडून त्यांची पडताळणी झाली, कागदावरची वाचनालयं उघडी पडली आणि त्यानंतर बरीच वर्षं नव्यांची मान्यता आणि जुन्यांचा वर्गबदल थांबला. कागदावर चालणाऱ्यांची शिक्षा खरोखर चालणाऱ्यांनीही भोगली. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली. तरी ड वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं, एवढंच. त्यातली निम्मी रक्कम वेतनाची. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये. उरलेल्या निम्म्यात भाडं, वीज, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, बांधणी आणि नवी पुस्तकं.

भिशी ही पोकळी भरून काढू शकत नाही. भिशीत येतो तो आधीच वाचणारा, महिन्याला काही पैसे बाजूला काढू शकणारा माणूस. शाळेतून घरी जाताना सहज डोकावणारी पोरगी, बाजाराला आलेला शेतकरी, निवृत्त पोस्टमन यांच्यासाठी वाचनालयाचंच दार उघडं राहायला हवं. ते उघडं ठेवणाऱ्याला आपण सगळ्यांत कमी पैसे देतो आणि वर वाचनसंस्कृती लोप पावली म्हणून भाषणं करतो, हे बरोबर नाही.

नांदेड-लातूरच्या वाचकाला सांगणं एवढंच. आपल्या गावच्या वाचनालयाचं सभासद व्हा, वर्गणी वेळेवर भरा. भिशीतली पुस्तकं सगळ्यांची वाचून झाली की कपाटात ठेवू नका, वाचनालयाला देऊन टाका आणि दाखल नोंद वहीत चढवून घ्या. आणि पुस्तक बदलायला जाल तेव्हा ग्रंथपालाला विचारा, ‘सध्या तुम्ही काय वाचताय?’ हा प्रश्न त्याला क्वचितच कुणी विचारतं.