डिशवॉशर आणि नागपूरचं पाणी

नागपुरात डिशवॉशर घेतलाय? मग साबणाआधी पाण्याकडे बघा. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी वेगळं, बोअरचं वेगळं. टाकीत बोअरचं जड पाणी आलं की काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर दिसायला लागतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. ते मीठ आतल्या रेझिनला पुन्हा ताजंतवानं करतं आणि रेझिन पाण्यातला जडपणा काढतं. तिथे डिशवॉशरचंच मीठ घाला, स्वयंपाकातलं आयोडीनचं बारीक मीठ अजिबात नको. पाणी बदललं की मशीनवरचं जडपणाचं सेटिंगही बदला. माझ्या मते इथे निम्म्या तक्रारी यानंच मिटतात.

सावजी रश्श्याची तर्री निघायला ६५-७० अंशांचा प्रोग्रामच लावा. ताटं आधी विसळायची गरज नाही, पण हाडं, कढीपत्ता, लिंबाच्या बिया काढाच. हे सगळं तळाच्या जाळीत अडकतं, वास तिथूनच येतो. जाळी दर आठवड्याला नळाखाली ब्रशनं घासा.

ॲल्युमिनियमची कढई, पितळ, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट आत ठेवू नका. सुऱ्यांची टोकं खाली. डिटर्जंटच्या टॅब्लेट लेकरांच्या हाती लागू देऊ नका, त्या तोंड-डोळे भाजतील इतक्या तीव्र असतात. आणि मशीनचा पॉइंट अर्थिंगचा, १६ अँपिअरचा हवा. एक्स्टेंशन बोर्डावर मशीन कधीच चालवू नका.