चवदार तळ्यापासून वेळासच्या किनाऱ्यापर्यंत

यंदाच्या २० मार्चला आम्ही दोघा भावांच्या कुटुंबांनी वर्गणी काढून भाड्याची जीप केली आणि आईला घेऊन पहाटेच मुंबई सोडली. आईचे माहेर मंडणगड तालुक्यातले. वडील गेल्यापासून तिने कोकण पाहिले नव्हते. मुलांनी तर मुळीच नाही.

पनवेल ओलांडल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसला आणि मुले खिडकीला चिकटली. पुढे माणगावपर्यंत डोंगरउतारावर पळस फुललेला होता. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ पाहून थोरला म्हणाला, "मी इथेच शिकणार."

महाडच्या अलीकडे गांधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण आत स्तूप आहे, भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत. पायऱ्यांवर काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी बसली होती. एकाने धाकटीच्या हातातले केळे अलगद पळवले. हसू आवरून आम्ही आत त्रिशरण पंचशील ग्रहण केले. खाली आल्यावर सावित्री नदीच्या काठी थांबलो. पलीकडच्या चिखलात दोन मगरी ऊन खात पडल्या होत्या.

चवदार तळ्यावर भीमसैनिकांची रीघ लागली होती. मुलांना आम्ही इतिहास सांगितला. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी सवर्ण आपल्या माणसांना पाणी घेऊ देईनात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. कोर्टातला लढा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपला.

धाकटीने विचारले, "गुरे इथे पाणी प्यायची?"

"हो, प्यायची."

"मग माणसांना का नाही?"

उत्तर आईने दिले. "माझ्या माहेरीही विहिरीपाशी गुरांसाठी दोण होती. गुरे यायची, पिऊन जायची. आम्ही हंडा घेऊन लांब बसायचो. कुणाला दया आली की वरून ओतायचे." एवढे बोलून ती पायऱ्या उतरली आणि तिने ओंजळीत पाणी घेतले. वडिलांची ही इच्छा राहून गेली होती.

दुपारी आंबडव्याला पोहोचलो. सुभेदार रामजी सकपाळ यांचे हे मूळ गाव. बाबासाहेबांचे आडनाव या गावावरून आले. २०२२ साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथे येऊन गेले. स्मारकात वंदना घेऊन आम्ही वेळासकडे निघालो.

वेळासला राहण्याची सोय गावकऱ्यांच्या घरी होते. खरे सांगायचे तर आमच्या मनात धाकधूक होती. घरमालकिणीने आडनाव विचारलेच. आम्ही आडनाव सांगितले, बौद्ध आहोत हेही सांगितले. ती म्हणाली, "उन्हातून आलात. माठ आत आहे, पाणी घ्या." आई क्षणभर उभीच राहिली. मग आत गेली आणि स्वतःच्या हाताने ओगराळ्याने तांब्या भरून घेतला. मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. आम्हाला वाटले.

सकाळी किनाऱ्यावर कासवांची पिल्ले सोडली. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. कोल्ही-कुत्री ती खातात, म्हणून गावकरी अंडी कुंपणात आणून जपतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. मुठीएवढीही नसलेली ती पिल्ले वाळू तुडवत थेट पाण्याकडे निघाली. "त्यांना कुणी अडवत नाही," धाकटी म्हणाली. आईने तिचा हात घट्ट धरला.

जाणाऱ्यांनी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जावे, पिल्ले निघत आहेत का हे गावात आधी विचारून घ्यावे. पिल्लांना हात लावू नये, बॅटरीचा झोत टाकू नये. एखादा दिवस हाताशी असेल तर दापोलीजवळचे वणंद, म्हणजे रमाईचे माहेर, जरूर पाहावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. त्यांनी सोसलेले मुलांना त्यांच्याच तोंडून कळावे.

जय भीम!