कामठा वाकतो तेव्हा

धडगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावर, एक पवरा म्हातारेबाबा अंगणात उकिडवे बसलेत. होळी तोंडावर आलीय आणि नातवाला नाचायला नवा तीरकामठा हवाय. पुढ्यात कोयता, फुटक्या बाटलीची काच आणि मानवेलीची एक लांब चिरफळी. एवढंच सामान.

बांबू बांधावरचाच, थंडीत तोडून सावलीत वाळवलेला. कोवळा चालत नाही, तो एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. मानवेल जवळजवळ भरीव असते, म्हणून तिच्यातून अशी जाड चिरफळी निघते.

बाबा सालीच्या बाजूला कोयता लावतच नाहीत. बांबूचे चिवट धागे सालीलगत दाट असतात, आत विरळ होत जातात. कामठा ओढला की बाहेरची पाठ ताणली जाते आणि आतलं पोट दाबलं जातं. ताण सोसणारी साल शाबूत हवी, तिच्यावरच्या खोल ओरखड्यातूनच पुढे कामठा तडकतो. म्हणून सगळं तासकाम पोटाकडून. मधे मुठीपुरती जाडी ठेवून ते दोन्ही टोकांकडे उतरत जातात. ढलप्या आधी जाड पडतात, मग पातळ.

लांबी चार फुटांच्या आतच. एवढा आखूड कामठा झाडोऱ्यात अडकत नाही. पण थोड्या लांबीत जास्त वाकायचं म्हणजे प्रत्येक वितीवर ताण जास्त, इथे चूक लपत नाही.

आता कोयता बाजूला पडतो. टोकांच्या खाचांत कच्ची दोरी अडकवून बाबा हलकेच ओढतात आणि कामठा आभाळासमोर धरतात. मी निरखून बघतो, मला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

"डावी बाजू झोपलीय," बाबा म्हणतात. "बघ, उजवीच सगळं काम करतेय."

डाव्या बाजूच्या पोटावरून काच फिरू लागते. करकर आवाज येतो, केसासारखा कीस मांडीवर साचतो. पेरापाशी हात थबकतो, तिथे धागे वळलेले असतात, तिथली जाडी ते राखून ठेवतात. चार-पाचदा काच फिरवली की पुन्हा दोरी, पुन्हा ओढ, पुन्हा आभाळ. दर खेपेला ओढ थोडीच वाढवतात. टोकाला जरा पीळ दिसतो, तेवढा भाग निखाऱ्यांवर शेकून ते गुडघ्यावर दाबून धरतात, निवेपर्यंत सोडत नाहीत. जास्त काढलेलं परत चिकटवता येत नाही, ही जाण त्यांच्या प्रत्येक हालचालीत आहे. याहून जास्त एकाग्रतेने काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

खरी दोरीही बांबूचीच: सालीची अरुंद, लवचीक पट्टी, टोकांना वाखाने घट्ट बांधलेली. ती चढते आणि बाबा कामठा पुरता ओढतात, तर्जनी आणि मधल्या बोटाने. अंगठा लागत नाही. "एकलव्याचा अंगठा," नातू मला सांगतो. या क्षणी दोन्ही भुजा सारख्या झुकलेल्या मलाही दिसतात.

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. तीरकामठा आता मुख्यतः होळीत आणि लग्नात मिरवतो. पण नाचात धरायचा म्हणून बाबा काच एकदाही कमी फिरवत नाहीत. शहरातल्या प्रदर्शनांत रंगवलेले, नायलॉनची दोरी लावलेले कामठे भिंतीसाठी मिळतात. त्यांतले बरेचसे कुणी कधी ओढून पाहिलेलेच नसतात. त्यांना कामठा म्हणायला मी तयार नाही.

तुम्ही घेणार असाल तर पाड्यावर जाऊन, करणाऱ्याच्या हातून घ्या आणि त्याने सांगितलेली किंमत द्या, घासाघीस करू नका. घरी आणल्यावर दोरी उतरवून ठेवा. आणि तीर न लावता ओढून सोडू नका, चांगला कामठाही त्याने मोडतो.