बिल वाचवायला परदेशात म्हातारपण! अमेरिकेतले पेन्शनर मेक्सिकोला का जातात?

वीजबिलाला वैतागून कुणी देश सोडतं का? नुसत्या बिलासाठी नाही, पण पेन्शनच्या हिशोबात बिल येतंच. अमेरिका, कॅनडात हिवाळ्यात गॅस किंवा तेल जाळून अख्खं घर तापवावं लागतं, तर उन्हाळ्यात कितीतरी ठिकाणी एसी लागतो. म्हणून तिकडचे बरेच निवृत्त लोक मेक्सिकोत चापाला तळ्याकाठी, आहिहिक गावात राहायला जातात.

हवा अशी का?
आहिहिक आणि आपलं चाळीसगाव जवळपास एकाच अक्षांशावर, साधारण २० अंशांवर आहे. पण आहिहिक १,५०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. त्यात शेजारी मोठं तळं. त्यामुळे बऱ्याच घरांत ना हीटर, ना एसी. गॅस लागतो तो स्वयंपाकाला अन् अंघोळीच्या पाण्याला.

हिशोब बघा
१,००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट पडतं. १,५०० वॅटचा हीटर रोज ८ तास लावला तर दिवसाला १२ आणि महिन्याला ३६० युनिट. हेच युनिट तिथे वाचतात.

पण गोम इथं आहे
तिथं सरकार घरगुती विजेला सबसिडी देतं. सौम्य हवेच्या भागातल्या साध्या घरगुती दरात वर्षाची सरासरी महिन्याला २५० युनिटच्या वर गेली, की सबसिडी बंद होते आणि सगळ्याच युनिटना चढा दर लागतो. आपल्याकडे महावितरणच्या स्लॅबमध्ये वाढीव युनिटनाच वरचा दर लागतो. तिथं तसं नाही. हौसेनं एसी बसवला की बचत गेलीच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, देशाबाहेरच्या उपचाराचे पैसे सहसा देत नाही. बिलात वाचवलेलं एका ऑपरेशनमध्ये जाऊ शकतं.

आपण काय घ्यायचं?
पोरांकडे शहरात जायचं असो की गावातच नवं घर बांधायचं असो, एका महिन्याच्या बिलावर जाऊ नका. बारा महिन्यांची बिलं काढा आणि रुपये नाही, युनिट बघा. घर बांधताना समोरासमोर खिडक्या ठेवा, पश्चिमेला झाड लावा. हवा विकत आणता येत नाही, पण आहे ती घरात तरी येऊ द्या.