फसलेला देहदंड : वेदना कमी झाली की दिसेनाशी झाली?

देहदंड असावा की नसावा, या वादात आज आपण शिरणार नाही. पण जिथे तो आहे, तिथल्या बहुतेक कायद्यांनी एक आश्वासन दिलेलं असतं : जीव घेऊ, पण हाल करणार नाही. हे आश्वासन मोडलं तेव्हा काय झालं, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू या. जुन्या फाशीत माणूस थोड्याच उंचीवरून खाली सुटायचा आणि गळा आवळून कित्येक मिनिटांनी मरायचा. १८६६ मध्ये डब्लिनचे सॅम्युअल हॉटन यांनी गणित मांडलं : माणसाच्या वजनाच्या हिशेबाने दोर लांब सोडला, तर मान तत्काळ मोडेल. विल्यम मारवुड या जल्लादाने १८७२ पासून ते अमलात आणलं. म्हणजे हाल थांबले? १८८५ हे एकच वर्ष बघा. फेब्रुवारीत एक्झिटरच्या तुरुंगात जॉन ली याच्या पायाखालची फळी तीनदा प्रयत्न करूनही उघडली नाही. शेवटी त्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली. नोव्हेंबरमध्ये नॉरिचला रॉबर्ट गुडेल याचं डोकंच धडावेगळं झालं. दोर कमी पडला तर गळा आवळतो, जास्त झाला तर मुंडकं तुटतं. मग सरकारने समिती नेमली आणि वजन–उंचीचा तक्ता तयार करवला. तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचंच राज्य होतं, आणि वजनावरून दोराची लांबी ठरवण्याची रीत आपल्या तुरुंगांतही आली.

आता अमेरिका. तिथेही फाशीच्या अशाच हकिगती वर्तमानपत्रांत येत होत्या. न्यूयॉर्क राज्याने ठरवलं, आता विज्ञानाची मदत घेऊ. विजेची खुर्ची आली. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्न तुरुंगात विल्यम केमलर हा तिचा पहिला कैदी. सुमारे सतरा सेकंद प्रवाह सोडला, डॉक्टरांनी तो मेल्याचं सांगितलं, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की हा श्वास घेतोय! यंत्र पुन्हा तयार होईपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्या वेळी प्रवाह एक मिनिटाहून जास्त वेळ चालू ठेवला. खोलीत मांस जळाल्याचा वास पसरला. आणि परिणाम? खुर्ची रद्द झाली नाही. चूक वापरणाऱ्यांची, यंत्राची नाही, असं ठरलं आणि ती पुढे शंभर वर्षं चालली.

हा साचा लक्षात ठेवा. पद्धत फसते, लोक हळहळतात, मग प्रसंग अपवादात जमा होतो. फारच झालं तर नवी पद्धत येते.

ऑस्टिन सारट या अभ्यासकांनी हे मोजून पाहिलं. १८९० ते २०१० या काळात अमेरिकेत झालेल्या ८,७७६ देहदंडांपैकी २७६ फसले, म्हणजे साधारण तीन टक्के. फाशीतही तीनच टक्के, विजेच्या खुर्चीत दोनाच्या आत. आणि सर्वांत आधुनिक, सर्वांत 'शांत' म्हणून आणलेल्या इंजेक्शनमध्ये? सात टक्क्यांहून जास्त!

असं का? इंजेक्शन ही दवाखान्यातली कृती, पण डॉक्टरांच्या संघटना त्यात भाग घ्यायला मनाई करतात. मग शीर शोधायची कुणी? २०१४ मध्ये ओक्लाहोमात क्लेटन लॉकेटच्या शिरेतली सुई नीट बसली नव्हती. औषध भोवतालच्या मांसात गेलं, तो धडपडत राहिला आणि ४३ मिनिटांनी मेला. शिवाय तीन औषधांच्या जुन्या पद्धतीत दुसरं औषध स्नायू लुळे करणारं असे. गुंगी पुरेशी नसेल तर कैद्याला वेदना होणार, पण तो हलू शकणार नाही, ओरडू शकणार नाही. पाहणाऱ्यांना मात्र तो झोपल्यासारखा दिसणार. म्हणजे वेदना थांबली, की फक्त आपल्याला दिसायची थांबली? आमच्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच आहे.

आणि सारट हे मोजू शकले, कारण तिथे पत्रकार साक्षीदार म्हणून हजर असतात आणि बातम्या छापून येतात. आपल्याकडे फाशी भिंतीआड होते. तिहारचे माजी अधिकारी सुनील गुप्ता यांनी 'ब्लॅक वॉरंट' या पुस्तकात रंगा–बिल्लाच्या १९८२ च्या फाशीबद्दल लिहिलं आहे : दोन तासांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रंगाची नाडी चालू होती, आणि एका कर्मचाऱ्याला खाली उतरवून त्याचे पाय ओढायला लावले. हे पुस्तक आलं २०१९ मध्ये. मधल्या काळात, १९८३ साली, सर्वोच्च न्यायालयाने दीना खटल्यात फाशीची पद्धत घटनेला धरून आहे असा निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना न्यायालयाने केंद्राला विचारलं : फाशीत वेदना किती होते, मृत्यूला वेळ किती लागतो, याची शास्त्रीय माहिती आहे का?

हा प्रश्न योग्यच आहे. पण पर्याय म्हणून कुणी इंजेक्शन सुचवलं, तर केमलर आणि लॉकेट आठवा. आणि त्याआधी एक साधी मागणी करा : आजवरच्या फाशींत प्रत्येक वेळी नाडी थांबायला किती वेळ लागला, हे आम्हाला सांगा. शिक्षा आपल्या सर्वांच्या नावाने दिली जाते. ती कशी पार पडली, हे कळण्याचा हक्कही आपल्याला असायला हवा.