बिनटाक्याचं, पण बिनधोक्याचं?

गैरसमज: मेंदू आणि मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांवर नळीतून होणारा उपचार म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन.

दुर्बिणीचा इथे काही संबंध नाही. जांघेतल्या किंवा मनगटाजवळच्या धमनीत सुई घालून कॅथेटर आत सोडतात आणि महाधमनीतून वर मानेपर्यंत नेतात. त्याच्याच पोटातून आणखी बारीक नळी मेंदूकडे सरकते. डॉक्टरांची नजर असते ती एक्स-रेच्या पडद्यावर. नळीतून डाय सोडला की रक्तवाहिन्या उमटतात. डाय सोडून मेंदूतल्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा पाहिल्या त्या लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी, १९२७ मध्ये. नुसतं पाहण्याच्या पुढे जाऊन त्याच वाटेने उपचार करायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली.

गैरसमज: डोकं उघडावं लागत नाही, म्हणजे हाच उपचार सुरक्षित.

हा समज पसरायला एक चांगलं संशोधनच थोडं कारणीभूत आहे. धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला की पूर्वी कवटी उघडून त्याला क्लिप लावत. गुइडो गुग्लिएल्मी यांनी १९९० मध्ये फुग्यात प्लॅटिनमची मऊ कॉइल भरून तिथेच सोडून देण्याची पद्धत रुग्णावर वापरली. ‘आयसॅट’ या चाचणीत २,१४३ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २००२ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइल गटात २३.७ टक्के, क्लिप गटात ३०.६ टक्के. पण यात घेतलेले रुग्ण असे होते, की ज्यांना दोन्ही उपचार चालले असते. शिवाय पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण कॉइलनंतर थोडं जास्तच निघालं. म्हणून कॉइल बसवल्यावरही पुढे तपासण्या कराव्याच लागतात.

यानंतरच्या दोन चाचण्या फारशा कोणी सांगत नाही. मेंदूतली धमनी चरबीने अरुंद झाली असेल तर स्टेंट बसवावा, हे हृदयाच्या अनुभवावरून कुणालाही पटेल. ‘सॅमप्रिस’ने २०११ मध्ये ते खोडून काढलं. महिन्याभरात स्ट्रोक किंवा मृत्यू: स्टेंट बसवलेल्यांत १४.७ टक्के, फक्त कडक औषधोपचार घेतलेल्यांत ५.८ टक्के. दुसरी ‘अरुबा’, २०१४ची. न फुटलेल्या एव्हीएममध्ये, म्हणजे धमन्या-शिरांच्या जन्मजात गुंत्यात, हस्तक्षेप केलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना स्ट्रोक किंवा मृत्यू आला. नुसती देखरेख ठेवलेल्यांत १०.१ टक्के. यावर अनेक शल्यचिकित्सक चिडले, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे: पाहणी सरासरी तेहतीस महिन्यांची आणि गुंत्याचा धोका जन्मभराचा. तरीही ‘सापडलंय, तर काढूनच टाका’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे आकडे एकदा वाचावेतच.

गैरसमज: अर्धांगवायूनंतर सहा तास उलटले, की संपलं.

मोठ्या धमनीतली गुठळी नळीने ओढून काढता येते. २०१३ मध्ये तीन चाचण्यांत या उपचाराचा फायदा दिसला नव्हता. साधनं जुनी होती, निवडही ढोबळ. नेदरलँड्समधल्या ‘एमआर क्लीन’ने २०१५ मध्ये चित्र पालटलं. मग २०१८च्या ‘डॉन’ चाचणीत सहा ते चोवीस तासांतले रुग्ण घेतले. तीन महिन्यांनी आपापलं करू शकणारे: गुठळी काढलेल्यांत ४९ टक्के, इतरांत १३. हे मात्र स्कॅनवर वाचवण्याजोगा मेंदू उरलेले, निवडलेले रुग्ण होते. त्यामुळे ‘चोवीस तास आहेत ना’ म्हणून सकाळपर्यंत थांबणं हा निव्वळ आत्मघात.

गैरसमज: पायांतली ताकद गेली, म्हणजे मणक्यात गॅप.

बहुतेकदा नस दबलेली असतेही. पण पन्नाशी-साठीच्या पुरुषाचे पाय हळूहळू जड होत असतील, चालल्यावर आणखी ढेपाळत असतील आणि लघवीचीही तक्रार असेल, तर ड्युरल फिस्टुलाची शंका घ्यायला हवी. मज्जारज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाते, शिरांतला दाब वाढतो आणि मज्जारज्जू सुजतो. लघवीसाठी प्रोस्टेटची औषधं, पायांसाठी कमरेचा पट्टा, यात महिने जातात. स्टेरॉइडने तर काहींचं दुखणं वाढतं.

नेमकी जागा शोधायला मणक्याची अँजिओग्राफी लागते, एकेका फांदीत डाय सोडत. एवढं झाल्यावर नळीतूनच चिकट द्रव सोडून जोड बंद करता येतो. पण द्रव शिरेच्या तोंडापर्यंत पोहोचला नाही, तर फिस्टुला पुन्हा उघडतो. इथे छोटा छेद घेऊन ती शीर बंद करण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही जास्त खात्रीची ठरते.