ओल्या भिंतीचा हिशेब

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विटेवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण घाटकोपरच्या डोंगरउतारावरील आमच्या खोलीची मागची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, तिचे पोपडे जेवणाच्या ताटात पडतात आणि त्यावरून घरात वाद होतो. वडील गवंडी आहेत. ती भिंत त्यांनीच बांधली. "अहो, विटाच कच्च्या आणल्यात तुम्ही," असे आई म्हणते आणि वडील काही न बोलता बाहेर जाऊन बसतात. वीट कच्ची की पक्की हे ठरवण्याचा काही उपाय आहे काय, हे शोधायचे मी मे महिन्यात मनावर घेतले.

उपाय आहे, आणि तो सोपा आहे. भारतीय मानक ३४९५ (१९९२ ची आवृत्ती) यात तो दिला आहे. वीट १०५ ते ११५ अंश सेल्सिअस तापमानात, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवायची व तोलायची. मग चोवीस तास पाण्यात बुडवायची, फडक्याने पुसायची आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा तोलायची. वाढलेले वजन कोरड्या वजनाच्या शेकडा किती, ते विटेचे जलशोषण. साधारण प्रतीच्या विटेत ते २० टक्क्यांवर जाऊ नये, जास्त मजबूत प्रतीत १५ टक्क्यांवर.

आमच्याकडे भट्टी कुठली? उरलेली एक वीट आठवडाभर पत्र्यावर उन्हात वाळवली आणि वाण्याच्या काट्यावर तोलली : २ किलो ८५० ग्रॅम. बादलीतून काढल्यावर ३ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे १९ टक्क्यांहून किंचित जास्त. उन्हात वाळलेल्या विटेत थोडे पाणी उरतेच, तेव्हा खरा आकडा आणखी वर जाईल. शिवाय एका विटेवरून निकाल देता येत नाही. तरी आमची वीट काठावर होती, अगदीच टाकाऊ नव्हती. वडील हसून म्हणाले, "अरे, वीट पाणी पिते म्हणून तर आम्ही ती भिजवून लावतो. कोरडी लावली तर मालातलं पाणी ओढून घेते, मग सिमेंट धरत नाही."

विटेने प्यायलेल्या पाण्याचा दुसरा परिणाम उन्हाळ्याशी जोडलेला आहे. कोरड्या विटेच्या छिद्रांत हवा असते, आणि स्थिर हवा उष्णता फार कमी वाहून नेते. पाणी तिच्या वीसपटीहून अधिक नेते. म्हणून ओल मुरलेल्या विटेतून उष्णता लवकर पार होते. हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत विजेने तापवलेल्या तबकडीच्या दोन्ही अंगांना सारख्या जाडीचे दोन नमुने ठेवतात, त्यांच्या बाहेर थंड तबकड्या. मधल्या तबकडीभोवती तितकेच तापवलेले कडे असते, नाहीतर उष्णता बाजूने निसटून जाईल. तापमाने स्थिरावली की खर्च झालेली वीज, नमुन्याची जाडी, क्षेत्रफळ आणि दोन्ही पृष्ठांच्या तापमानांतला फरक यांवरून आकडा काढतात. ओल्या विटेचा आकडा मात्र या रीतीने नीट मिळत नाही. उष्णतेने नमुन्यातले पाणीच गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकू लागते! म्हणून तिथे सुईसारखी तार थोडाच वेळ तापवून तिचे तापमान किती वेगाने चढते ते पाहतात. मला ही युक्ती फार आवडली.

पण मग आमच्या भिंतीत पाणी येते कुठून? वडिलांनी भिंतीवर हात फिरवून दाखवले. ओलीचा डाग तळापासून सुरू होतो आणि गुडघ्याच्या उंचीवर थांबतो. तिथेच पांढरा लोणा फुटलेला. गिलाव्याच्या भेगांतून पाऊस शिरत असता तर डाग भेगांपाशी, वरही दिसला असता. बाहेर डोंगरावरून घसरलेली माती जोत्याच्या वर साचली होती. ती ओली माती भिंतीला टेकली की विटेची बारीक छिद्रे दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढतात. येताना पाण्यासोबत क्षार येतात, पाणी उडून जाते, क्षार मागे राहून पोपडे पाडतात.

जूनपूर्वी आम्ही दोघांनी ती माती उपसून मागे चर काढला. आई अजून विटांनाच नावे ठेवते. वडील मात्र हल्ली नव्या कामावरची एखादी वीट घरी घेऊन येतात आणि म्हणतात, "टाक रे बादलीत."